आउटलुकचा रिमाइंडर दुसऱ्या विंडोमागे लपतो, त्याचं काय करायचं

प्रश्न असा आहे: ऑफिसच्या पीसीवर आउटलुक आहे, मीटिंगचा रिमाइंडर वेळेवर येतो पण एक्सेल, टॅली नाहीतर ब्राउझरच्या मागे उघडतो, आणि संध्याकाळी सगळं बंद करायला घेतलं की तेव्हा दिसतो. तो समोर कसा आणायचा?

मी १७-१८ वर्षं पुण्यात छोट्या-मध्यम ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतोय, सीए लोकांची ऑफिसं, दोन-तीन कारखाने, एक-दोन दवाखाने असं सगळं, आणि ही तक्रार दर महिन्याला एकदा तरी येतेच. लोक म्हणतात "रिमाइंडर येतच नाही". जाऊन बघितलं तर दहापैकी आठ वेळा रिमाइंडर आलेला असतो, मागे पडलेला असतो. म्हणून सविस्तर लिहितो, कारण नेटवर एक ओळीचं उत्तर मिळतं, अमुक ठिकाणी टिक करा, ते केल्यावर काहींचं काम होतं आणि काहींचं होत नाही, आणि का होत नाही ते कुणी सांगत नाही.

आधी एक प्रसंग सांगतो म्हणजे किती महागात पडतं ते कळेल. एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या ताई होत्या, त्यांनी आउटलुकमध्ये सगळ्या तारखा घालून ठेवल्या होत्या, ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही दोन्ही जीएसटीची रिटर्न. पद्धत एकदम चोख. २० तारखेला सकाळी ११ चा रिमाइंडर होता, तो बरोबर ११ ला आलाही, पण समोर टॅली स्क्रीनभर उघडं, त्यातच दिवसभर एंट्र्या चालू. संध्याकाळी पीसी तसाच चालू ठेवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला टॅली मिनिमाइझ केलं तर मागे छोटीशी विंडो, त्यावर लिहिलेलं "२२ अवर्स ओव्हरड्यू". एका क्लायंटचं ३बी राहिलं होतं. रोजचे ५० रुपये लेट फी, वर भरायच्या टॅक्सवर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम फार मोठी नव्हती पण क्लायंटला फोन करून सांगायचं कुणी, ते त्यांनाच सांगावं लागलं, आणि त्यांची चूक काय होती तर काहीच नव्हती. तेव्हापासून मी ही तक्रार किरकोळ धरत नाही.

आता हे होतं का ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात. विंडोज ९५ च्या काळात कुठलाही प्रोग्रॅम स्वतःहून उडी मारून समोर येऊ शकायचा. तुम्ही पासवर्ड टाईप करताय, मध्येच दुसरी विंडो समोर आली, अर्धा पासवर्ड तिच्यात गेला, असं व्हायचं. म्हणून विंडोज ९८ आणि २००० पासून मायक्रोसॉफ्टने नियम केला, माणूस ज्या प्रोग्रॅममध्ये काम करतोय तो सोडून दुसऱ्याने समोर यायचा प्रयत्न केला तर त्याला येऊ द्यायचं नाही, खाली टास्कबारवर त्याचं बटण फक्त चमकवायचं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, याची एक वेळ लिहिलेली असते, फोरग्राउंड लॉक टाइमआउट, २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. तुम्ही कीबोर्ड-माउस वापरत असाल तोवर बाकीच्यांनी मागेच थांबायचं. नियम चांगलाच आहे, पण आउटलुकचा रिमाइंडर म्हणजे विंडोजच्या हिशोबाने आणखी एक साधी विंडो, तिलाही तोच नियम लागतो. म्हणजे तुम्ही जितके कामात गढलेले तितका रिमाइंडर मागे राहणार, आणि नेमकं तेव्हाच तो हवा असतो.

सरळ उपाय आधी. जुनं डेस्कटॉप आउटलुक, ज्याला आता क्लासिक म्हणतात, त्यात फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड, तिथे खाली स्क्रोल केलं की रिमाइंडर्स असा भाग दिसतो. त्यात "शो रिमाइंडर्स ऑन टॉप ऑफ अदर विंडोज" याच्यासमोर टिक करा, ओके करा. यामुळे रिमाइंडरची विंडो "कायम वर" या वर्गात जाते. विंडोजमध्ये विंडोंचे दोन थर असतात असं समजा, खालच्या थरात सगळ्या साध्या विंडो एकमेकींच्या पुढेमागे होत राहतात, वरच्या थरातली विंडो मात्र त्या सगळ्यांच्या वरच राहते, तुम्ही एक्सेलवर क्लिक केलं तरी. टास्क मॅनेजरला जसं "ऑलवेज ऑन टॉप" असतं तेच. हे टिक मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, ऑफिस २०१९ मध्ये आणि त्यापुढच्यांत आहे. ऑफिस २०१६ ची एकदाच विकत घेतलेली आवृत्ती असेल तर ते तिथे सापडणार नाही, शोधत बसू नका. कुठली आवृत्ती आहे ते फाइल, ऑफिस अकाउंट इथे दिसतं.

हे टिक करूनही ज्यांचं काम होत नाही त्यांच्यासाठी आता खरं लिहायचंय.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे साठलेले रिमाइंडर. आउटलुक प्रत्येक रिमाइंडरला वेगळी विंडो उघडत नाही, एकच विंडो असते आणि त्यात यादी वाढत जाते. तुम्ही सकाळी १४ जुने रिमाइंडर तसेच ठेवून ती विंडो मिनिमाइझ केली, तर दुपारी ३ च्या मीटिंगचा रिमाइंडर त्याच मिनिमाइझ केलेल्या विंडोत जाऊन बसतो, वर नावात फक्त १४ चे १५ होतात. टास्कबारवर १४ चे १५ झालेले कुणाला दिसणार? मी कुणाच्या पीसीवर बसलो की आधी हेच बघतो, आणि यादीत मागच्या दिवाळीची सुट्टीसुद्धा सापडलेली आहे. म्हणून सवय लावा, रिमाइंडरची विंडो आली की तिच्यातल्या प्रत्येक ओळीचं काहीतरी करायचं, डिसमिस (काढून टाकणं) नाहीतर स्नूझ (थोड्या वेळाने पुन्हा यायला सांगणं), आणि विंडो रिकामी होऊन आपली आपण बंद झाली पाहिजे. मिनिमाइझ करायची नाही, कोपऱ्यात सरकवून ठेवायची नाही. "डिसमिस ऑल" मात्र दाबू नका, १४ जुन्यांबरोबर एक ताजा पण जातो आणि मग तो परत येत नाही.

तिथेच ऑप्शन्समध्ये आणखी एक टिक आहे, होऊन गेलेल्या इव्हेंटचे रिमाइंडर आपोआप काढून टाकायचं. मीटिंगांसाठी हे छान आहे, यादी साफ राहते. पण सीए, अकाउंटंट, वकील, ज्यांच्या डेडलाइन असतात त्यांनी इथे जपा. तुम्ही "३बी भरणे" असं ११ ते ११.३० चं अपॉइंटमेंट टाकलं असेल तर साडेअकराला ते "होऊन गेलं" आणि रिमाइंडर गायब, तुम्ही ३बी भरलं की नाही याच्याशी आउटलुकला काही देणंघेणं नाही. अशा गोष्टी कॅलेंडरमध्ये टाकूच नका, टास्कमध्ये, म्हणजे आउटलुकच्याच कामांच्या यादीत टाका आणि टास्कला रिमाइंडर लावा. हे टिक फक्त कॅलेंडरच्या इव्हेंटना लागू आहे, टास्कचा रिमाइंडर तुम्ही काम झालं म्हणेपर्यंत बसून राहतो. वरच्या ताईंच्या पीसीवर मी हाच बदल केला, सगळ्या तारखा टास्कमध्ये नेल्या, आणि रिमाइंडर वर ठेवायचं ते पहिलं टिकही केलं.

दुसरं कारण, दोन मॉनिटर आणि लॅपटॉप. रिमाइंडरची विंडो शेवटी जिथे होती तिथेच पुन्हा उघडते. ऑफिसात लॅपटॉप डॉकला, म्हणजे मॉनिटर-कीबोर्ड जोडायच्या डब्याला, लावून ती दुसऱ्या मॉनिटरवर बघितली होती, आता घरी आलात, तो मॉनिटर नाही, कधीकधी विंडो त्या नसलेल्या जागेवर उघडून बसते. टास्कबारवर बटण दिसतं, क्लिक केलं तरी काही दिसत नाही. मग ऑल्ट आणि टॅब दाबून ती विंडो निवडा, मग विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, विंडो दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारते. स्क्रीन एकच असेल तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलाही बाणाचा एक दाब, आणि आता माउस हलवला की विंडो माउसला चिकटून येते, हवी तिथे क्लिक करून सोडा. एकदा बरोबर जागी आणली की पुढे तिथेच उघडेल. मी स्वतः ती मुख्य स्क्रीनच्या मधोमध, थोडी वर अशी ठेवतो, कोपऱ्यात नाही, कारण कोपऱ्याकडे डोळा जात नाही.

व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरत असाल, म्हणजे विंडोज आणि टॅब दाबून वेगवेगळे डेस्कटॉप केले असतील, तर आउटलुक एका डेस्कटॉपवर आणि तुम्ही दुसऱ्यावर असं होतं. त्याच विंडोज-टॅबच्या स्क्रीनवर, म्हणजे टास्क व्ह्यूमध्ये, आउटलुकच्या विंडोवर राइट क्लिक करून ती सगळ्या डेस्कटॉपवर दाखवा असं सांगता येतं. आणि रिमोट डेस्कटॉप! हल्ली बऱ्याच ऑफिसांत टॅली सर्व्हरवर असतं आणि लोक रिमोटने आत शिरतात, काहींचं आउटलुकही आतच असतं. ते रिमोट मिनिमाइझ केलं की आतला रिमाइंडर आतच राहतो, तुमच्या समोरच्या विंडोजला त्याचा पत्ताच नसतो, आतल्या आउटलुकमध्ये कितीही टिका केल्या तरी. तिथे एकच इलाज, आउटलुक आपल्या स्वतःच्या पीसीवर चालवायचं आणि रिमोटमध्ये फक्त टॅली ठेवायचं.

टास्कबारबद्दल थोडं. एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या विंडो एका बटणाखाली गोळा होतात ना, त्यामुळे रिमाइंडरचं वेगळं बटण दिसत नाही, आउटलुकचं बटण तेवढं रंग बदलतं, आणि लोकांना वाटतं नवीन मेल आली असेल, बघू नंतर. टास्कबारच्या सेटिंगमध्ये बटणं एकत्र करू नका असं करता येतं. विंडोज ११ सुरुवातीला आलं तेव्हा ही सोय काढून टाकली होती, २०२३ मध्ये परत आली, त्यामुळे तेव्हा शोधून सोडून दिलं असेल तर आता पुन्हा बघा. बटणावर नाव सगळं दिसायला लागलं की "१ रिमाइंडर" हे शब्द डोळ्यांत भरतात.

आता नवीन आउटलुक. वर उजवीकडे "न्यू आउटलुक" असं बटण असतं, काहींनी ते नकळत चालू केलेलं असतं, आणि मग मी वर सांगितलेली फाइल-ऑप्शन्सची वाट सापडतच नाही. तिथे गिअरच्या चिन्हावर जाऊन जनरल, मग नोटिफिकेशन्स इथे कॅलेंडरचं बघायचं. नोटिफिकेशन विंडोजच्या पद्धतीने आलं, म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात, तर ते मागे लपत नाही, सगळ्यांच्या वर येतं, पण त्याचा त्रास वेगळा, ते काही सेकंदांत जातं. तुम्ही चहाला उठलात तेवढ्यात येऊन गेलं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे नोटिफिकेशन किती वेळ राहावं ते ठरवता येतं, मुळात ५ सेकंद असतं, ते ५ मिनिटांपर्यंत नेता येतं. मी १ मिनिट ठेवायला सांगतो, ५ मिनिटं ठेवलं तर प्रत्येक फालतू नोटिफिकेशन ५ मिनिटं कोपरा अडवून बसतं आणि मग माणूस वैतागून सगळीच बंद करतो.

आणि डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे नोटिफिकेशन दाबून ठेवायची विंडोजची सोय, नक्की तपासा. विंडोज १० मध्ये यालाच फोकस असिस्ट म्हणायचे. यात काही नियम आपोआप चालू होतात, स्क्रीन प्रोजेक्टरवर डुप्लिकेट केली की, किंवा एखादं ॲप फुल स्क्रीन झालं की. म्हणजे कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन देताय, पुढच्या मीटिंगचा रिमाइंडर त्याच वेळी येणार, आणि तो नेमका तेव्हाच दाबला जाणार. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स मध्ये हे नियम दिसतात, आणि प्रायॉरिटी नोटिफिकेशन्समध्ये कुठल्याही ॲपचे रिमाइंडर दाखवा असं एक टिक आहे, ते चालू ठेवा. क्लासिक आउटलुकच्या जुन्या पद्धतीच्या विंडोला याचा फरक पडत नाही, हे फक्त कोपऱ्यातल्या नोटिफिकेशनपुरतं.

उलट बाजूही सांगतो. रिमाइंडर सगळ्यांच्या वर आणला की तो स्क्रीन शेअर करतानाही सगळ्यांच्या वर येतो. "अमुकचं इन्क्रिमेंट, चर्चा" असं नाव ठेवलं असेल आणि तो अमुक त्याच कॉलवर असेल तर पंचाईत. टीम्स, झूम काहीही असो, पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती एक विंडो शेअर करा.

ज्यांच्याकडे अजून ऑफिस २०१६ आहे त्यांच्यासाठी मॅक्रोचा, म्हणजे आउटलुकच्या आत छोटा कोड लिहायचा मार्ग आहे आणि तो मी अनेक वर्षं वापरला. आउटलुकच्या व्हीबीएमध्ये, म्हणजे ऑफिसमधल्या मॅक्रोच्या भाषेत, रिमाइंडर वाजल्याची घटना (इव्हेंट) पकडायची, फाइंड विंडो या विंडोजच्या फंक्शनने रिमाइंडरची विंडो तिच्या नावावरून शोधायची, आणि सेट विंडो पॉस ने तिला वरच्या थरात टाकायचं. नेटवरून उचललेला कोड बहुतेक वेळा तीन ठिकाणी अडतो. एक, रिमाइंडरची घटना विंडो दिसायच्या आधी घडते, त्यामुळे पहिल्या वेळी शोधायला विंडोच नसते, कोड शांतपणे काही न करता संपतो आणि लोक म्हणतात मॅक्रो चालत नाही. दोन, विंडोच्या नावात आकडा असतो, १ रिमाइंडर, २ रिमाइंडर, तर एकच नाव शोधून चालत नाही, १ पासून ५०-१०० पर्यंत फिरून बघावं लागतं. तीन, ६४ बिट ऑफिस असेल तर डिक्लेअर ओळींत पीटीआर सेफ लिहावंच लागतं, नाहीतर त्या ओळी लाल होऊन बसतात, कोड चालत नाही. आणि सेट विंडो पॉसला शेवटी जो फ्लॅगचा आकडा देतात त्यात जागा हलवू नको चा २, आकार बदलू नको चा १, आणि ॲक्टिव्ह करू नको चा १६, असे मिळून १९ द्या. हा १६ बरेच जण विसरतात. मग विंडो वर येते आणि कीबोर्डही स्वतःकडे ओढून घेते, तुम्ही एक्सेलमध्ये टाईप करत असता, स्पेस नाहीतर एंटर दाबता, आणि रिमाइंडर न वाचताच डिसमिस होतो. म्हणजे मागे लपण्यापेक्षा वाईट, कारण मागे लपलेला संध्याकाळी तरी सापडतो.

पण खरं सांगायचं तर आता हा मार्ग नव्याने धरू नका. ऑफिस २०१६ आणि २०१९ दोघांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चाही त्याच दिवशी, आणि नवीन आउटलुकमध्ये व्हीबीए चालतच नाही. मॅक्रोसाठी सिक्युरिटी ढिली करून ठेवायची आणि वर अपडेट येत नसलेलं ऑफिस, हे मला पटत नाही. नवीन ऑफिस येईपर्यंत मधला काळ काढायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज फुकट मिळतं, त्यात विंडोज, कंट्रोल आणि टी दाबलं की समोरची विंडो कायम वर राहते. यात अडचण एकच, रिमाइंडर रिकामा होऊन बंद झाला की पुढच्या वेळी पुन्हा दाबावं लागतं. काही जण उलटं करतात, रजिस्ट्रीतला तो २,००,००० चा आकडा शून्य करतात. करू नका. मग सगळ्यांनाच समोर उडी मारायची परवानगी मिळते, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अपडेटर, अँटिव्हायरस, कुणीही.

आवाजाकडे फार लोक लक्ष देत नाहीत. क्लासिक आउटलुकच्या ऑप्शन्समधल्या त्याच रिमाइंडर्सच्या भागात आवाजाची फाइल बदलता येते, मुळातला आवाज अगदी बारीक टिंग असतो, त्याऐवजी दोन-तीन सेकंदांची ठसठशीत फाइल लावा. आणि आवाज कुठे जातोय ते बघा, हेडफोन लावलेला असेल आणि तो टेबलावर पडलेला असेल तर रिमाइंडर टेबलाला ऐकू जातोय, तुम्हाला नाही.

रिमाइंडर मागे, पुढे, कुठेच सापडत नसेल तर मग प्रश्न वेगळा. आधी बघा की आउटलुक चालू होतं का, क्लासिक आउटलुक बंद असेल तर रिमाइंडर येत नाही. मग बघा की इव्हेंट स्वतःच्या मुख्य कॅलेंडरमध्ये आहे का, दुसऱ्याच्या शेअर केलेल्या कॅलेंडरमधला असेल तर तुमच्याकडे तो वाजत नाही, तो आपल्या कॅलेंडरमध्ये कॉपी करून घ्यावा लागतो. दोन्ही ठीक असेल तर आउटलुक बंद करा, विंडोज आणि आर दाबा, तिथे आउटलुक डॉट ईएक्सई, एक स्पेस, स्लॅश आणि त्याला जोडूनच क्लीनरिमाइंडर्स हा एकच शब्द, असं इंग्रजीत (outlook.exe /cleanreminders) टाईप करून एंटर मारा. आउटलुक रिमाइंडरची यादी पुसून नव्याने तयार करतं, बिघडलेली यादी असेल तर यानेच सुटतं.

सगळं झालं की तपासल्याशिवाय उठू नका. आत्तापासून २ मिनिटांनंतरचं एक अपॉइंटमेंट टाका, रिमाइंडर "० मिनिट्स" ठेवा, मग तुमचं रोजचं काम ज्यात चालतं ते, टॅली असो की एक्सेल, स्क्रीनभर उघडा आणि खरोखर टाईप करत राहा, हात बाजूला घेऊन वाट बघत बसू नका, कारण हात थांबलेला असताना सगळं नीटच चालतं. टाईप करता करता विंडो समोर आली पाहिजे, आणि तुमची अक्षरं मात्र त्या सेलमध्येच पडत राहिली पाहिजेत. मग हेच एकदा प्रोजेक्टर लावून करा, आणि लॅपटॉप असेल तर एकदा डॉक काढून.